इद्रिसच्या नावावरचा गोल

नवरात्र संपलं की भिवंडीत ऊन पुन्हा डोकं वर काढतं. कामवारी नदीच्या काठची जमीन वरून वाळते, आतून ओलीच राहते, आणि तिच्यावर चाललं की चपलेला मातीचा पातळ थर धरतो. याच दिवसांत आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक फुटबॉलच्या नोंदणीचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवतात. "भाऊसाहेब, यादी तुमच्याच हातानं होऊ द्या. तुमचं अक्षर बघून समोरच्याला शंकाच येत नाही," असं ते कौतुकानं म्हणतात. मी हसतो, पेनाचं टोपण काढतो, आणि दर वर्षी नऊ नंबरपाशी आलो की हात जरा थांबतो.

अक्षर चांगलं, एवढ्या एकाच गुणावर मी एकेकाळी कामवारी क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी झालो होतो. खेळाशी माझं काही नातं नव्हतं. चेंडूला जन्मात दोनदा पाय लावला असेल आणि दोन्ही वेळा तो गटारात गेला. पण आमच्या घरात लिहिण्याला फार मान. आमच्या बुद्धवाड्यात अंगठा सोडून सही करणारे पहिले माझे वडील. ती पहिली सही कुठल्या कागदावर केली, शाई कसली होती, हे आम्हा भावंडांना तोंडपाठ होतं. नाव लिहिताना घाई करायची नाही, ते दुसऱ्याचं असतं, असं ते सांगत. म्हणून बळाराम दादांनी शाळेच्या कचेरीत येऊन, दारातच चपला काढून मला विचारलं, "भाऊसाहेब, आमच्या पोरांची यादी लिवून द्याल का? आमच्या हातचा वाचाला कोनाला जमत न्हाय," तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

दादा अंजूरचे. खाडीकडची भातशेती भावांवर सोपवून ते भिवंडीतल्या निजामपुऱ्यात जॉबर झाले होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग, लूम, दुरुस्त करणारे. शेडाशेडांतून त्यांचं येणं-जाणं, त्यामुळे कुठल्या लूमवरच्या माणसाचे पाय चांगले आहेत हे त्यांना बरोबर कळायचं. अशी पोरं हेरून त्यांनी संघ बांधला. अंजूरची चार-पाच, आमच्या वाड्यातली दोघं, आणि बाकीचे सगळे उत्तर प्रदेशातल्या मऊ-आझमगढकडून आलेले विणकर.

त्या वर्षांत दिवसातून पाच-पाच तास लाइट जायची. लोकांच्या नाकीनऊ आले होते, पण आमचा सराव त्या लोडशेडिंगवरच चालायचा. दुपारी गल्लीतला खडखडाट एकदम बंद पडे. इतकं शांत होई की टपरीवरचा स्टोव्ह ऐकू यावा. आणि त्या शांततेत शेडांच्या दारांतून माणसं धावत बाहेर पडत, केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईची पांढरी लव घेऊन. मैदान शेडांच्या मागेच, नदीच्या अंगाला. तीन मिनिटांत खेळ सुरू. मग केव्हातरी अचानक सगळे लूम एकदम धडधडू लागत आणि जो जिथे असेल तिथून धावत सुटे. एकदा पेनल्टी मारायला आमचा एक गडी चार पावलं मागे गेला, तेवढ्यात लाइट आली. तो तसाच मागे मागे जात शेडमध्ये शिरला. चेंडू पेनल्टीच्या जागेवर एकटाच. मी त्या दिवशी पोट धरून हसलो होतो.

या लोकांची एक रीत आधी सांगायला हवी. लूम रिकामा ठेवायचा नाही, हा शेडचा पहिला नियम. कुणाला सुट्टी हवी तर त्यानं आपल्या जागी दुसरा माणूस आणून उभा करायचा. त्याला बदली म्हणतात. बदली दिवसभर राबतो, पण हजेरीच्या वहीत नाव कायमच्या कामगाराचंच लागतं. त्यात लपवाछपवी काही नाही. शेठला माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं. आमचे सामने रविवारी, आणि निजामपुऱ्याची सुट्टी शुक्रवारी. म्हणजे रविवारी अकरा खेळायला उतरायचे तर पाच-सहा लूमवर पाच-सहा बदली उभे राहायला हवेत. म्हातारे विणकर, कुणाचे मेहुणे, कुणाचे गाववाले, सगळे दादांच्या शब्दावर उभे राहायचे. मैदानात आमचे अकरा दिसत, पण संघ खरा सतरा-अठरा जणांचा होता.

सतरा वर्षं असं रेटून अठराव्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या वरच्या गटात चढलो. त्यानंतर एक गंमत झाली. एरवी बदली देऊनही सुट्टीला नाक मुरडणारे शेठ लोक बदलले. आपल्या शेडचा माणूस वरच्या गटात खेळतो, हे ते पाहुण्यांना सांगू लागले. रविवारी सकाळी स्वतःच "जाओ, जाओ, जीत के आना" म्हणू लागले. दादा मात्र त्या कौतुकानं हुरळले नाहीत. हंगामाच्या आधी यादी लिहिताना ते माझ्यासमोर बसले होते. हाताच्या रेषांत लूमचं काळं तेल मुरलेलं. म्हणाले, "भाऊसाहेब, वर हाव तवर पोरा मिलतील. खाली पडलो का एक शेठ सोडाचा न्हाय. मंग मंडल संपला समजा." दहा संघांतले शेवटचे दोन खाली जाणार होते. त्या दिवसापासून माझाही जीव टांगणीला लागला. खेळ न कळणारा मी, रोज रात्री जेवताना गुणतक्त्याचं गणित करत बसे.

आणि आम्ही हरत गेलो. पहिले चारही सामने. शिफ्ट दर शुक्रवारी बदलायची, त्यामुळे या रविवारी जे एकत्र खेळले ते पुढच्या रविवारी एकत्र येतीलच असं नाही. रात्रपाळी करून आलेला बचावपटू दुसऱ्या हाफमध्ये उभ्या उभ्या पेंगे. शिवाय वर्षानुवर्षं लूमच्या आवाजात राहून यांचे कान अर्धे गेलेले. पंचांची शिट्टी वाजली तरी आमचा इद्रिस धावतच राही, गोल करी, आणि मागे वळून बघतो तर सगळे कमरेवर हात ठेवून उभे. त्याला पिवळं कार्ड दाखवलं की तो ओशाळून दोन्ही हात जोडी. समोरचे हसत. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

इद्रिस आमचा नऊ नंबर. पंचविशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, बोलणं कमी. मऊहून आला तेव्हा त्याला मराठी यायची नाही, आता "काय दादा, बरा हाय ना" एवढं अंजूरच्या सुरात म्हणायचा. पाचव्या सामन्यात आम्ही पहिल्यांदा जिंकलो, आणि त्यातला दुसरा गोल इद्रिसचा म्हणून सगळ्यांनी त्याला उचललं. तो खाली उतरून थेट पंचांकडे गेला आणि म्हणाला, "मेरा नहीं है साहब, उनके चार नंबर के घुटने से लगा." पंचांनी कपाळाला हात लावला. परतताना टेम्पोत पोरांनी त्याची इतकी खेचली की विचारू नका.

मध्यंतरी एका शुक्रवारी दादा सगळ्यांना एसटीनं वज्रेश्वरीला घेऊन गेले. दुखऱ्या पायांना गरम पाण्याचा शेक मिळावा म्हणून. दादा देवीच्या पायऱ्या चढून गेले, इद्रिस आणि त्याचे सोबती खाली चपला सांभाळत बसले. मग सगळे कुंडाच्या काठावर ओळीनं बसले, पाय पाण्यात सोडून. सुजलेले घोटे, काळी पडलेली नखं. त्या सगळ्या पायांकडे बघताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं की, या लोकांना आठवड्यात एकच सुट्टी मिळते आणि त्या दिवशीही ते पायच शेकतायत, पुन्हा रविवारी धावण्यासाठी. दादा कुणाला तरी सांगत होते, "औंदा टिकाचा. बाकी काय पन होवदे, टिकाचा." गंधकाच्या वासानं आणि वाफेनं डोळे चुरचुरत होते, आणि मला ते सगळे फार आपले वाटले.

मग तो रविवार आला. सामना अंबरनाथकडे, सकाळी नऊचा. इद्रिसचा नेहमीचा बदली एक म्हातारा चाचा होता, त्याला आदल्या दिवशी ताप भरला. दुसरा कुणी मिळेना. इद्रिस लूमवर थांबला. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा नोंदणी झालेले दहाच. नियमानं दहा जणांनाही खेळता आलं असतं, हे मला माहीत होतं. पण आमचा टेम्पो चालवत आलेला हरेश तिथे उभा होता. दादांच्या चुलतभावाचा मुलगा, गावच्या स्पर्धांत खेळून तयार झालेला, दणकट. त्याची नोंदणी नव्हती. दादांनी त्याला नऊ नंबरचा शर्ट दिला आणि मला म्हणाले, "इद्रिसच्या नावावर घाला. बदली हाय."

दादांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. शेडमध्ये रोज जे चालतं तेच त्यांनी इथे केलं. आजूबाजूच्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. गड्यांनी बुटांच्या नाड्या बांधता बांधता माना डोलावल्या. तेव्हा फोटोची कार्डं नव्हती, नावांची यादी पंचांकडे द्यायची, बस्स. पण मी शेडमधला नव्हतो. मी शाळेचा क्लार्क होतो. दिवसभर दाखल्यांवर नावं लिहिणारा, एक काना चुकला तर दाखला परत करणारा. ते खोटं आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सुबक अक्षरात लिहिलं: ९, इद्रिस.

सामना संपायला पाच-सात मिनिटं असताना हरेशनं डोक्यानं गोल मारला. एक-शून्य. आणि आमचा सगळा संघ, दादा, मी सुद्धा, बेभान होऊन ओरडलो, "हऱ्या! हऱ्या!" खांद्यावर घेऊन नाचलो. समोरच्या संघाचा व्यवस्थापक हातात यादीची नक्कल घेऊन उभा होता. तो एकदा आमच्याकडे आणि एकदा कागदाकडे बघत होता, हे मी पाहिलं आणि ओरडायचा थांबलो.

त्यांची तक्रार जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेकडे गेली. निर्णय हंगाम संपल्यावर होणार होता, म्हणून आम्ही खेळत राहिलो. शेवटच्या सामन्यात इद्रिसनं गोल केला, बरोबरी झाली, आणि तक्त्यात आम्ही आठवे आलो. नवव्या संघापेक्षा दोन गुणांनी वर. टिकलो होतो. फक्त त्या रविवारचे तीन गुण हातातून जायला नको होते.

चौकशी शुक्रवारी ठेवली होती, त्यामुळे इद्रिसला यायला अडचण नव्हती. जाताना टेम्पोत दादा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "बस इतना बोलनेका, मैं खेला. दूसरा कुछ नहीं. बाकी भाऊसाहेब बघतील." इद्रिस बाहेर बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. संघटनेच्या ऑफिसात लाकडी बाकड्यावर आम्ही बसलो. आत एकेकाला बोलावत होते. पहिला मी.

टेबलामागे तीन साहेब. मधल्यानं यादी माझ्यापुढे सरकवली. "अक्षर तुमचं?"

"हो साहेब."

"हा नऊ नंबरचा गडी त्या दिवशी खेळला?"

मला वाटलं होतं, असं काही म्हणताना घशाला कोरड पडेल. तसं काहीच झालं नाही. शाळेत रोज जसं बोलतो तसाच आवाज निघाला. "हो साहेब, खेळला. इद्रिसच होता."

मी बाहेर आलो. दादांनी नजरेनंच विचारलं, मी होकाराची मान हलवली. इद्रिस आत गेला. पाच मिनिटंही लागली नसतील. मग मला पुन्हा आत बोलावून त्याचा जबाब वाचून दाखवला. तो म्हणाला होता, त्या दिवशी मी खेळलो नाही, ड्युटीवर होतो. गोल हरेशभाईचा आहे. साहेबांनी त्याला विचारलं होतं, की तुमच्यात तर बदलीचं काम मूळ माणसाच्या नावावर लागतं ना? त्यावरचं त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं होतं: "हाजिरी मेरे नाम की लगती है साहब. तागे पे निशान बुननेवाले का लगता है. कपड़ा जिसने बुना, उसका."

बदली विणतो तेव्हा कापडाच्या ताग्याच्या कडेला तो खडूनं आपली खूण करतो, कायमच्या कामगाराची नाही. दोष निघाला तर त्याचा, चांगला निघाला तर त्याचा. इतकी वर्षं शेडांच्या शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. दादांना माहीत होतं. मैदानावरच्या घाईत ते विसरले होते.

तीन गुण गेले. आम्ही नववे झालो, खालच्या गटात पडलो. यादीवर खोटं नाव लिहिल्याबद्दल सेक्रेटरीवर एक वर्षाची बंदी, एवढंच नोटिशीवर आलं. आत मी काय बोललो ते नोटिशीवर नव्हतं. साहेबांनी बहुधा माझ्या नोकरीकडे बघून ते सोडून दिलं असावं. परतताना टेम्पो चालवता चालवता हरेश एकदा म्हणाला, "गोल तरी माझ्या नावावर झाला." मग त्याच्या लक्षात आलं असावं की सामनाच रद्द झाला, तेव्हा गोलही गेला. त्यानं टेम्पोचा वेग वाढवला.

निजामपुऱ्यात मात्र बोलणं सुरू झालं. इद्रिसनं टीम पाडली. चहाच्या टपरीवर, पानाच्या गादीवर, शेडच्या ओट्यावर, सगळीकडे एकच. एक शब्द बोलायचा होता, तेवढंही जमलं नाही म्हणे. मी तिथून जाताना हे ऐकायचो आणि काही काम असल्यासारखा पुढे निघून जायचो.

दादा म्हणाले होते तसंच झालं. पावसाळा सरला, नवा हंगाम आला, आणि शेठ लोकांनी सुट्टीला नाही म्हटलं. खालच्या गटातल्या संघाला कोण विचारतो. पहिल्या सामन्याला आमचे सहाच आले आणि न खेळताच हार पत्करावी लागली. तिसऱ्या रविवारनंतर दादांनी नाव काढून घेतलं. त्या सुमारास एका दुपारी मी शाळेतून निघालो तेव्हा लाइट गेली. खडखडाट थांबला. मी सवयीनं मैदानाकडे वळलो. दादा मधोमध उभे होते, पायाशी चेंडू. शेडांच्या ओट्यांवर माणसं येऊन बसली, कुणी बिडी पेटवली, कुणी पत्ते काढले. मैदानाकडे कुणी आलं नाही. दादांनी बराच वेळ वाट पाहिली. मग चेंडू काखेत घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पोरानं बरोबर केला, भाऊसाहेब. पन मंडल गेला." मी तिथेच रडलो. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि आत मी काय बोललो होतो त्याचा त्यांनी तेव्हाही उल्लेख केला नाही.

त्याच महिन्यात इद्रिस सुरतेला निघाला. तिथे त्याचा मेहुणा लूमवर होता. जाण्याआधी तो दादांबरोबर शाळेत मला भेटायला आला. टोमण्यांनी माणूस खंगला होता. बाहेर आंब्याखाली उभं राहून त्यानं विचारलं, "साहब, एक बात पूछनी थी. उस दिन आप पहले अंदर गये. आपने क्या बोला था?"

दादा बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग फाटकाकडे बघू लागले.

मी म्हणालो, "तेच. तू जे बोललास तेच."

त्याचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत मी त्याला तसा मोकळा पाहिला नव्हता. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "फिर ठीक है, साहब. मेरे को लगता था मैंने अकेले ने टीम गिरायी. किसी को मुँह नहीं दिखा सकता था. आप भी थे तो ठीक है." त्याचे तळवे रुईनं कोरडे, खरखरीत. मला हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवता येत नव्हता.

जायच्या आधी चार दिवस तो शेडाशेडांतून फिरला आणि सगळ्यांना सांगून गेला, की सेक्रेटरी साहबही खरं बोलले होते, बंदी आली तरी बोलले. त्यानंतर त्याच्याविषयीचं बोलणं थांबलं. दोघांनी मिळून खरेपणा केला, अशी गोष्ट झाली. दादांनी ती मोडली नाही. आता दादा नाहीत, हरेश टेम्पो विकून गोदामात सुपरवायझर झाला आहे, इद्रिसचा पत्ता कुणाकडे नाही. आत काय झालं ते जाणणारा आमच्यातला मी एकटाच उरलो आहे.

अजूनही निजामपुऱ्यातून जाताना टपरीवरचा कुणी जुना विणकर मला हाक मारतो, चहा मागवतो आणि शेजारी बसलेल्या नव्या पोरांना सांगतो, "ये वो साहब हैं. टीम गिर गयी, पर झूठ नहीं बोले." पोरं माझ्याकडे आदरानं बघतात. मी मान खाली घालतो, आणि तो माझा साधेपणा समजून ते बाकावर आणखी सरकून मला जागा करून देतात.